छानछू शान : तैपेईच्या कुशीतील टेकडी आणि माजी सैनिकांची वसाहत

तैवानची राजधानी तैपेईच्या दक्षिण भागात, राष्ट्रीय तैवान विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर, ‘छानछू शान’ नावाची एक ठेंगणी टेकडी आहे. चिनी भाषेत छानछू म्हणजे भेक आणि शान म्हणजे डोंगर. तिची उंची दीडशे मीटरही भरत नाही. गोंगग्वान या गजबजलेल्या भागातील मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की दहा-पंधरा मिनिटांत तिच्या पायथ्याशी पोहोचता येते. डावी-उजवीकडे उपाहारगृहे, पुस्तकांची दुकाने व विद्यार्थ्यांची वर्दळ असते, आणि मोठा रस्ता ओलांडताच एकाएकी चढणीचे बोळ, पत्र्यांची छपरे, कुंड्यांमधील भाजीपाला आणि त्यांच्या मागे दाट हिरवी झाडी सुरू होते. या उतारावर १९५०च्या दशकापासून हवाई दलाच्या कर्मचाऱ्यांची व माजी सैनिकांची कुटुंबे राहत आली. २०१४ मध्ये तैपेई नगर प्रशासनाने टेकडी आणि तिच्यावरील वस्ती यांची ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून नोंद केली. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी हीच वस्ती पाडण्याची तयारी चालली होती.

तैवानमध्ये सैनिकांच्या वसाहती शेकड्यांनी होत्या. छानछू शानचे वेगळेपण असे की येथे शासनाने बांधून दिलेली वसाहत आणि शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसलेली घरे एकाच उतारावर, एकमेकांच्या भिंतींना टेकून उभी राहिली. एकाच युद्धात हरलेल्या, एकाच जहाजांतून आलेल्या माणसांचे पुढचे आयुष्य एका कागदाच्या असण्या-नसण्याने कसे निराळे झाले, ते या टेकडीवर स्पष्ट दिसते.

स्थान, नाव आणि जुना काळ

तैपेई शहर एका खोलगट खोऱ्यात वसले आहे. पूर्वेकडून नानगांग डोंगररांग शहरात शिरते आणि नैर्ऋत्येकडे उतरत शिनत्येन नदीच्या काठाजवळ संपते. या रांगेचे शेवटचे टोक म्हणजे छानछू शान. टेकडी आणि नदी यांच्यामध्ये जमिनीची चिंचोळी पट्टीच उरते. शहरातून दक्षिणेकडे जिंगमेई व शिनत्येनला जाणारी जुनी वाट या खिंडीतून जात असे, आणि आजचा रूझवेल्ट मार्गही येथूनच जातो.

टेकडीच्या नावामागे एक लोककथा आहे. येथे राहणारा भेकरूपी राक्षस विषारी फूत्कार टाकून वाटसरूंना छळत असे. ताओ परंपरेतील आठ सिद्धांपैकी ल्यू तोंगपिन याने त्याला नमवले. या झटापटीत सिद्धाचे पाऊल ज्या खडकावर उमटले, तो दक्षिणेकडील जिंगमेईच्या टेकडीवर दाखवला जातो, आणि त्या स्थानाचे नावच मुळी ‘सिद्धाच्या पाऊलखुणेचा खडक’ असे आहे. अरुंद खिंड, नदीवरचे धुके आणि जुन्या काळातील वाटेवरचे धोके यांतून अशी कथा जन्मावी, हे समजण्यासारखे आहे.

अठराव्या शतकात क्वो शील्यू या जमीनदाराने शिनत्येन नदीचे पाणी तैपेईच्या शेतांपर्यंत आणण्यासाठी कालवा खोदण्यास प्रारंभ केला. १७४० मध्ये सुरू झालेले हे काम वीसहून अधिक वर्षे चालले, आणि त्याच्या नावावरून त्या कालव्याला ‘ल्यूगोंग’ कालवा म्हणतात. हा कालवा टेकडीच्या पायथ्यावरून जात असे. १८९५ पासून १९४५ पर्यंतच्या जपानी राजवटीत पायथ्याच्या सपाट भागात कृषी प्रयोगक्षेत्र आले. त्याच्या कर्मचाऱ्यांची निवासस्थाने हा या वस्तीचा सर्वांत जुना थर होय.

डोंगरावर लष्कर

१९४५ मध्ये जपान शरण गेल्यावर तैवान चीनच्या राष्ट्रवादी शासनाच्या ताब्यात आले. मुख्य भूमीवरील यादवी युद्धात कम्युनिस्टांकडून पराभूत झालेले च्यांग कै-शेक यांचे शासन १९४९च्या डिसेंबरमध्ये तैपेईला हलले. त्या सुमारास समुद्र ओलांडून आलेल्या माणसांचे अंदाज दहा लाखांपासून वीस लाखांपर्यंत दिले जातात. त्यांतील सुमारे सहा लाख सैनिक होते. ज्या बेटाची लोकसंख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात होती, त्याच्यावर दोन-चार वर्षांत एवढा भार पडला. नव्या सत्तेने विमानतळांजवळच्या, बंदरांजवळच्या आणि डोंगरउतारांवरच्या जागा लष्करासाठी घेतल्या. छानछू शानवर हवाई दलाचे संचालन केंद्र आले. खिंडीवर नजर ठेवणारी, शहराच्या जवळ असूनही आत भुयारे खोदता येतील अशी ही टेकडी लष्कराच्या दृष्टीने सोयीची होती. तिचा काही भाग आजही नागरिकांसाठी बंद आहे.

या केंद्रात काम करणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी उतारावर ‘ह्वानमिन नवग्राम’ ही छोटी वसाहत बांधण्यात आली. अशा वसाहतींना ‘ज्वेनछुन’, म्हणजे सैनिकांच्या आश्रितांचे गाव, असे म्हणतात. संपूर्ण तैवानमध्ये त्यांची संख्या आठशे ऐंशीच्या वर गेली होती. त्यांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाणारे ‘चव्वेचाळीस दक्षिण ग्राम’ तैपेईच्या पूर्व भागात १९४८ मध्ये वसले, आणि तेथे छिंगताव शहरातून आणलेल्या चव्वेचाळिसाव्या शस्त्रनिर्माणशाळेतील कामगार राहत.

ज्वेनछुनमधील घरे फार साधी असत. बांबूच्या कामट्यांवर माती-चुन्याचा गिलावा, वर कौले किंवा पत्रे, पुढे बांबूचे कुंपण, आणि नळ व शौचालय सामाईक. ती टिकाऊ नव्हती, कारण कोणालाच ती टिकायला नको होती. पाच वर्षांच्या आत मुख्य भूमी परत जिंकू, असे शासन सांगत होते. लोक सामान पुरते उघडतही नसत. शानतुंग, सिच्वान, हुनान, ग्वांगतुंग अशा दूरदूरच्या प्रांतांची माणसे एका बोळात आली. त्यांच्या बोली एकमेकांना कळत नसत, आणि शेजारणींनी एकमेकींकडून पदार्थ शिकून घेतले. आज तैवानचे म्हणून ओळखले जाणारे ‘गोमांस-शेवयांचे रस्सेदार’ जेवण आणि तिखट बीनचा लगदा हे याच स्वयंपाकघरांचे अपत्य मानले जाते. मुलांची पिढी तैवानी मातीत वाढली, पण तिला शाळेत घोकावी लागली ती मुख्य भूमीवरच्या नद्यांची नावे.

भारताशी असलेला एक धागा येथे नोंदवण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या चिनी तुकड्यांना १९४२ पासून तेव्हाच्या बिहारमधील, आजच्या झारखंडातील, रामगड येथे अमेरिकी अधिकाऱ्यांनी प्रशिक्षण दिले. प्रशिक्षणकाळात मृत्यू पावलेल्या चिनी सैनिकांची दफनभूमी रामगडजवळ आजही आहे. या सैन्याचे एक प्रमुख सेनानी सुन ली-जेन पुढे तैवानमध्ये भूदलाचे प्रमुख झाले, आणि १९५५ मध्ये संशयावरून त्यांना नजरकैदेत टाकण्यात आले. ती नजरकैद १९८८ पर्यंत टिकली. भारतात कवायत केलेले काही सैनिकही अशा रीतीने अखेर तैवानच्या वसाहतींत पोहोचले.

कागद असलेले आणि नसलेले

ज्वेनछुनमध्ये घर मिळण्यासाठी कुटुंब असावे लागे. बहुसंख्य शिपाई मात्र अविवाहित होते, आणि १९५०च्या दशकात सामान्य सैनिकांच्या विवाहावर कडक निर्बंध होते. लढाईसाठी सदैव सज्ज असलेल्या सैन्याला संसाराची ओढ लागू नये, हा त्यामागचा हेतू. निर्बंध सैल होईपर्यंत अनेकांचे तारुण्य सरले होते. यांपैकी कित्येकांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी शेतातून वा रस्त्यावरून पकडून सैन्यात भरती केलेले होते. लिहिता-वाचता येत नव्हते, तैवानी बोली येत नव्हती, गावी पत्र पाठवणे हा गुन्हा होता.

सैन्यातून मुक्त होताना अनेकांच्या हाती अल्प रक्कम पडली. त्याखेरीज त्यांना एक प्रमाणपत्र मिळत असे. मुख्य भूमी परत जिंकल्यावर तेथे ठरावीक शेतजमीन देण्याचे आश्वासन त्यात होते. जी भूमी हातात नव्हती तिच्यावरील हे वचनपत्र माणसे चाळीस वर्षे पेटीत जपून ठेवत राहिली. शेवटी १९९०च्या दशकात शासनाने ही प्रमाणपत्रे परत घेऊन पन्नास हजार ते पाच लाख तैवानी डॉलर इतकी भरपाई दिली.

१९५४ मध्ये निवृत्त सैनिकांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. त्याने त्यांना ‘रोंगमिन’, म्हणजे सन्मानित नागरिक, हे नाव दिले. त्याने रुग्णालये उभारली, वृद्धनिवास बांधले आणि हजारो माणसांना कामाला लावले. बेटाचा मध्यवर्ती डोंगर फोडून पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग १९५६ ते १९६० या काळात मुख्यतः याच माणसांनी हातोडे, छिन्न्या व सुरुंगांनी खोदला, आणि त्यात दोनशेहून अधिक जण दगावले. सन्मानाचे नाव सर्वांना मिळाले, तरी छप्पर सर्वांना मिळाले नाही.

उरलेल्यांनी ते स्वतः शोधले. शहरातील मोकळ्या जागा महाग होत्या. कोणी विचारणार नाही अशा जागा म्हणजे नदीकाठ, दफनभूमी आणि डोंगरउतार. लष्करी ठाण्याच्या जवळ राहण्यात ओळखीचा आधार होता. छानछू शानवर ह्वानमिन नवग्रामच्या सभोवती अशी घरे उगवली. कोणी विटा जमवल्या, कोणी पाडकामातील दारे-खिडक्या आणल्या. आधी एक खोली, मग लग्न झाले तर दुसरी, मग मुलांसाठी वरचा माळा. पुढे मध्य व दक्षिण तैवानमधून कामासाठी आलेली कुटुंबे आणि स्वस्त भाड्याच्या शोधातील विद्यार्थी येथे मिसळले. दोन घरांमधली भिंत सामाईक, पायऱ्या सामाईक, सांडपाण्याची नाली सामाईक. मात्र एका घराची नोंद संरक्षण मंत्रालयाच्या दप्तरात होती, तर शेजारचे घर कायद्याच्या भाषेत अतिक्रमण होते.

या भेदाचे परिणाम पुष्कळ उशिरा दिसले. १९८७ मध्ये अडतीस वर्षे चाललेली लष्करी कायद्याची राजवट १५ जुलैला उठली. तत्पूर्वी मे महिन्यात मातृदिनी काही वृद्ध सैनिक घराच्या ओढीचे शब्द लिहिलेले पांढरे सदरे घालून तैपेईत रस्त्यावर उतरले होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरपासून मुख्य भूमीवरील नातलगांना भेटण्यास अनुमती मिळाली. पुष्कळांना गावी गेल्यावर आईवडिलांची थडगी तेवढी भेटली. परतण्यासारखे घर तिकडे उरले नव्हते, म्हणून ते तैवानमध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेल्या खोल्यांकडे परतले. नेमक्या त्याच काळात तैपेईतील जमिनीचे भाव आकाशाला भिडत होते, आणि त्या खोल्याच नगररचनेच्या आड येऊ लागल्या.

पाडापाडीची दशके

आज तैपेईच्या मध्यभागी ज्या ‘ता-आन’ वनोद्यानाचा शहराला अभिमान वाटतो, ती जागा १९९२ पर्यंत ज्वेनछुन व अनधिकृत घरांनी भरलेली होती. ती रिकामी करून १९९४ मध्ये उद्यान खुले झाले. १९९७च्या मार्चमध्ये शहराच्या उत्तरेकडील चौदा व पंधरा क्रमांकांच्या आरक्षित उद्यानांच्या जागेवरील वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. जपानी काळातील दफनभूमीवर वसलेल्या त्या झोपड्यांत एकाकी वृद्ध सैनिक मोठ्या संख्येने होते. पाडकामाच्या आधी त्यांच्यापैकी एकाने आत्महत्या केली. विद्यार्थी, नगररचनातज्ज्ञ आणि रहिवासी यांचा विरोध तेथे निष्फळ ठरला. पण पुनर्वसनाची सोय आधी आणि पाडकाम नंतर, ही मागणी त्या घटनेनंतर सहजासहजी झटकून टाकता येईना.

अधिकृत वसाहतींचा प्रश्न १९९६च्या ज्वेनछुन पुनर्विकास कायद्याने सोडवला. जुनी गावे पाडून बहुमजली इमारती बांधायच्या आणि मूळ नोंदणीकृत कुटुंबांना त्यांत सवलतीने सदनिका द्यायच्या, असे त्याचे सूत्र होते. ओलसर, गळक्या घरांत चाळीस वर्षे काढलेल्या अनेकांनी त्याचे स्वागत केले, हेही नमूद केले पाहिजे. ‘जुने ते सुंदर’ असे बाहेरून येणाऱ्याला वाटते. पावसाळ्यात रात्रभर भांडी मांडून बसणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही. तथापि एका दशकात शेकडो गावे नाहीशी झाल्यावर काही तरी राखले पाहिजे याची जाणीव झाली, आणि २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून निवडक वसाहतींच्या सांस्कृतिक जतनाची तरतूद करण्यात आली.

रस्त्यापलीकडची दुसरी टेकडी

छानछू शानचे पुढे जे झाले, त्याची पूर्वतयारी तिच्या समोरच झाली होती. रूझवेल्ट मार्गाच्या पलीकडे, नदीकाठी ‘छोटी ग्वानयिन टेकडी’ आहे. ग्वानयिन म्हणजे बौद्ध परंपरेतील अवलोकितेश्वर, चीनमध्ये स्त्रीरूपात पुजला जाणारा. तिचे येथील ‘बाओत्सांग-यान’ मंदिर सतराव्या शतकाच्या अखेरीचे मानले जाते. मंदिरामागच्या उतारावर जपानी काळात आणि नंतरही लष्करी ठाणे होते. १९६० व १९७०च्या दशकांत पहारा सैल झाला, तशी निवृत्त सैनिकांनी तेथे घरे बांधली. नदीपात्रातील गोटे वाहून आणून त्यांनी तटबंदीसारख्या भिंती रचल्या, आणि पूर ओसरल्यावर उरणाऱ्या गाळात भाजीचे वाफे केले. भरभराटीच्या काळात येथे दोनशेहून अधिक कुटुंबे होती आणि त्यांतले एकही घर अधिकृत नव्हते.

१९८० मध्ये ही जागा उद्यानासाठी आरक्षित झाली आणि १९९३ मध्ये पाडकामाची सूचना आली. राष्ट्रीय तैवान विद्यापीठातील वास्तू व नगररचना विभागाचे अध्यापक-विद्यार्थी आणि एक नागरी सुधारणा संघटना रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले. लढा दशकभर चालला. नदीकाठची सर्वांत खालची घरे पडलीच. २००३ मध्ये फिनलंडचे वास्तुकार मार्को कासाग्रांदे यांनी नगर प्रशासनाच्याच निमंत्रणावरून येऊन पाडलेले जिने पुन्हा बांधले आणि भाजीचे मळे परत लावले. वस्तीला मोडण्याऐवजी तिच्याकडून शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. २००४ मध्ये वस्तीची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली. दुरुस्तीसाठी रहिवाशांना काही काळ हलवण्यात आले आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ती ‘कलाग्राम’ म्हणून खुली झाली.

मूळ कुटुंबांपैकी थोडीच परत आली. ती आपल्याच जुन्या उतारावर नगर प्रशासनाची भाडेकरू म्हणून राहू लागली. बाकीची घरे कलावंतांच्या कार्यशाळा आणि तरुण प्रवाशांचे निवास झाली. सुटीच्या दिवशी येणारे पर्यटक छायाचित्रे घेतात, आणि खाली कोणी राहत आहे याची आठवण करून देणारी, हळू बोलण्याची विनंती करणारी पाटी भिंतीवर असते. या व्यवस्थेला काही जण पुनर्वसनाचा आदर्श म्हणतात, तर काही जण शोभेसाठी राखलेली गरिबी म्हणतात. दोन्हींत तथ्य आहे. बुलडोझर थांबला हे खरे, पण तो थांबेपर्यंत बहुतेक माणसे गेली होती.

छानछू शानची पाळी

ह्वानमिन नवग्रामची कुटुंबे नोंदणीकृत असल्याने पुनर्विकास कायद्यानुसार त्यांना अन्यत्र घरे मिळाली आणि २०१०च्या पुढेमागे वसाहत रिकामी झाली. आजूबाजूची अनोंदणीकृत घरे मात्र वसलेलीच राहिली. जमिनीचा मोठा हिस्सा शेजारच्या तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या विस्तारासाठी होता. २०१३ मध्ये रिकामी घरे पाडण्याची वेळ आली, तेव्हा परिसरातील तरुण रहिवासी, विद्यार्थी आणि संशोधक यांनी हरकत घेतली.

त्यांचा युक्तिवाद एखाद्या सुंदर इमारतीसाठी नव्हता, कारण तशी इमारत येथे नव्हतीच. त्यांनी मुद्दा मांडला तो सलगतेचा. कालव्याची जुनी रेषा, जपानी काळातील कृषिनिवास, शीतयुद्धातील हवाई दलाचे ठाणे, नियोजित वसाहत, तिला बिलगलेली स्वयंनिर्मित घरे आणि या सर्वांवर पसरलेले रान, असे सारे थर एका उतारावर एकत्र वाचता येतील अशी दुसरी जागा तैपेईत उरलेली नाही. त्यांच्या मदतीला एक चित्रपटही आला. हौ श्याव-श्येन या ख्यातनाम दिग्दर्शकाच्या १९८७ मधील ‘नाईलची कन्या’ या चित्रपटातील नायिकेचे घर याच टेकडीवर चित्रित झाले होते. पडद्यावरील बोळ आणि समोरचा बोळ यांत विशेष फरक नव्हता.

२०१४ मध्ये ‘सांस्कृतिक भूदृश्य’ ही नोंद मिळाल्यामुळे संरक्षण एकट्या इमारतींना न मिळता टेकडीच्या रूपाला मिळाले, ही या प्रकरणातील महत्त्वाची बाब होय. इमारत वारसा ठरली की तिच्या भिंती राखल्या जातात. भूदृश्य वारसा ठरले की झाडी, चढणीचे बोळ, घरांची रचना आणि तेथील वापर यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे ज्यांच्या नावावर कागद नव्हता त्यांची घरेही प्रथमच एका सरकारी दस्तऐवजात, तीही मोलाची म्हणून, दाखल झाली. घराला वारसा म्हणणे आणि त्यात राहणाऱ्याला राहण्याचा हक्क देणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीची मालकी ज्या संस्थांची होती त्यांचीच राहिली.

पायवाटा

तैपेईकरांना ही टेकडी ठाऊक असते ती बहुधा सकाळच्या फेरीमुळे. शहराभोवतीच्या टेकड्यांवर नगर प्रशासनाने दगडी पायऱ्यांच्या वाटा बांधल्या आहेत, आणि जेथे त्या नाहीत तेथे पायाखाली मळलेल्या मातीच्या वाटा आहेत. छानछू शानच्या वाटा दुसऱ्या प्रकारात अधिक मोडतात. वस्तीच्या बोळांतून वर चढत जाणारी वाट झाडीत शिरते, लष्करी कुंपणाला वळसा घालते आणि कण्याकण्याने ईशान्येकडे निघते. बाभळीच्या कुळातील ‘श्यांगस’ वृक्ष, वड, नेचे आणि रानकेळी यांची येथे दाटी आहे. एप्रिल-मे महिन्यांत श्यांगसच्या बारीक पिवळ्या फुलांनी वाट झाकली जाते. खारी माणसांना बुजत नाहीत. मे-जूनच्या ‘आलुबुखार-पावसात’ माती निसरडी होते, त्यानंतर वादळांचा हंगाम येतो. चालण्यास उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरनंतरचा. डासांपासून सुटका मात्र बाराही महिने नाही.

या कण्यावरून पुढे फूचौ टेकडी लागते. तेथे एकेकाळी दाट थडगी होती, ती हलवून उद्यान करण्यात आले. माथ्यावरील मोकळ्या जागेतून ५०८ मीटर उंचीचा ‘तैपेई १०१’ मनोरा समोरासमोर दिसतो. त्याला लागून फूयांग निसर्गोद्यान आहे. ते दशकानुदशके लष्कराचे दारूगोळ्याचे कोठार होते. सामान्यांना प्रवेश नसल्याने येथे बांधकाम झाले नाही आणि त्यामुळे शहराच्या मध्यात जंगल टिकले. जुन्या कोठारांची पडकी बांधकामे आणि पहारेचौक्या आज शेवाळाखाली आहेत. लष्कराने अडवलेल्या जागा नकळत राखीव वने झाल्या, हे तैपेईच्या अनेक टेकड्यांबाबत म्हणता येते.

डोंगररांग पुढे पूर्वेकडे ‘चार श्वापदे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघ, बिबट्या, सिंह व हत्ती या टेकड्यांपर्यंत जाते. १८३ मीटर उंचीच्या हत्ती टेकडीवर सूर्यास्ताच्या वेळी जगभरचे पर्यटक गर्दी करतात. मनोऱ्याजवळच्या सपाटीवर वर उल्लेखिलेले चव्वेचाळीस दक्षिण ग्राम होते. त्याच्या चार बैठ्या चाळी राखून २००३ मध्ये तेथे नागरी सभागृह व ज्वेनछुन संग्रहालय करण्यात आले. ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ ही त्याची जोडगावे पूर्णपणे गेली. त्यांच्या जागी शहरातील सर्वांत महागडा व्यापारी भाग उभा आहे.

छानछू शानवर तशी गर्दी नसते. येथे पहाटे भेटतात ते बहुतांशी आसपासचे निवृत्त रहिवासी. झाडीतील एखाद्या सपाट जागेवर त्यांनीच आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फांदीला टांगलेले घड्याळ, पाणी गरम करण्याची किटली आणि व्यायामासाठी बांधलेल्या लोखंडी दांड्या असतात. अशा जागा तैवानच्या बहुतेक टेकड्यांवर आढळतात आणि तांत्रिकदृष्ट्या त्याही अतिक्रमणच ठरतात. १९४९ मध्ये वीस वर्षांचा असलेला सैनिक आज पंचाण्णवच्या पुढे असेल. त्या पिढीतील फारच थोडे उरले आहेत आणि ते आता चढ चढत नाहीत. वाटेवर चालणारी सत्तरीतील माणसे त्यांची मुले आहेत, या बोळांत जन्मलेली. ह्वानमिन नवग्रामच्या दुरुस्त केलेल्या घरांवरून खाली उतरताना उजव्या हाताला काही दारांपुढे अजूनही कपडे वाळत असतात आणि घरक्रमांकाच्या निळ्या पाट्या लावलेल्या दिसतात. टपाल येते, वीजदेयक येते. जमीन कोणाची, या रकान्यात मात्र त्या घरात राहणाऱ्याचे नाव नसते.